घंटा तेवीस मिनिटें अगोदर कां वाजली?

गेल्या वर्षीं आपल्या शाळेच्या संगणकवर्गांतील मुलांनीं प्रार्थनेची घंटा आपोआप वाजावी म्हणून पायथन भाषेंत एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. (ही भाषा गीदो व्हान रोसम ह्या डच गृहस्थांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केली.) घंटा दहाला वाजावयाची, ती वाजली नऊ वाजून सदतीस मिनिटांनीं. मी फाटकाशीं उभा होतों. घंटेवर विसंबून, मागाहून आलेल्या मुलांच्या नांवांपुढें मी 'उशिरा' असा शेरा मारीत गेलों. मनगटावरील घड्याळ पाहण्याचेंही मला सुचलें नाहीं. अखेर एका पालकांनीं आपला मोबाइल माझ्यापुढें धरला, तेव्हां कोठें पावणेदहा होत होते. शेरे मीं तेथेंच खोडले व मुलांची क्षमा मागितली. परंतु एक मुलगी तोंवर रडत घरीं परत गेली होती.

चूक दोन दिवसांनीं सांपडली. तिची हकीकत सर्वांस कळावी असें मला वाटतें.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, संगणक आपल्यासारखा वार, महिना, वर्ष मोजीत नाहीं. बहुतेक संगणक ग्रीनिचच्या वेळेप्रमाणें १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून लोटलेले सेकंद मोजतात. तो शून्याचा क्षण भारतांत पहांटे साडेपांचाचा होता. म्हणून त्याच तारखेची आपली मध्यरात्र संगणकाच्या लेखीं उणे १९,८०० सेकंद होय. क्षण एकच असतो. त्यास निरनिराळ्या ठिकाणचीं घड्याळें निरनिराळीं नांवें देतात. यास्तव पायथनमध्यें वेळेचे दोन प्रकार मानिले आहेत. एकीस आपण कोणत्या प्रदेशाच्या घड्याळावरील हें ठाऊक असतें, दुसरीस नसतें. ह्या दोहोंपैकीं आधींची कोणती असें विचारल्यास पायथन उत्तर देण्याचें साफ नाकारतो, आणि माझ्या मतें तेंच योग्य आहे.

आमच्या मुलांनीं घंटेच्या वेळेस प्रदेश जोडला होता: 'आशिया/कोलकाता'. प्रोग्रॅम लिहिणारे जें जागतिक कोष्टक वापरतात, त्यांत साऱ्या भारताचें काम ह्याच एका नांवावर भागतें. परंतु त्या नांवाखालीं केवळ आजचा फरक नसून जुना इतिहासही आहे. पहिली ओळ कोलकात्याच्या सूर्यवेळेची, ग्रीनिचच्या पुढें ५ तास ५३ मिनिटें व कांहीं सेकंद. मग मद्रासची वेळ, ५ तास २१ मिनिटें. मग १ जानेवारी १९०६ पासूनची साडेपांच तासांची प्रमाणवेळ. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ ते १९४५ पर्यंत, घड्याळें एक तास पुढें केलेलीं होतीं, त्याचीही नोंद तेथें आहे.

मुलांनीं 'पायटीझेड' नांवाची जुनी लायब्ररी घेतली होती. तींतील प्रदेश तारखेस नुसता चिकटविला, तर ती तारीख न पाहतां कोष्टकाची पहिलीच ओळ उचलते. म्हणजे आमची दहाची घंटा कोलकात्याच्या सूर्यवेळेनें दहाची झाली! ५:५३ मधून ५:३० वजा करा. राहिलीं तेवीस मिनिटें. गंमत अशी कीं, 'आतां किती वाजले' ह्या प्रश्नास तीच लायब्ररी बरोबर उत्तर देते. त्यामुळें पडद्यावरील घड्याळ अचूक आणि घंटा चुकीची, असा प्रकार घडला. मींही प्रोग्रॅम तपासला होता, पण घंटा वाजते कीं नाहीं एवढेंच पाहून.

उपाय सोपा आहे. त्या लायब्ररींतील 'लोकलाइझ' ही क्रिया तारीख पाहून योग्य ओळ निवडते. अथवा २०२० सालच्या पायथन ३.९ पासून भाषेबरोबरच येणारें 'झोनइन्फो' वापरावें. आम्हीं दुसरा मार्ग धरला.

मुंबईच्या कुटुंबांपुढें मात्र एक निराळीच अडचण येईल. त्या शहरानें १९०६ ची प्रमाणवेळ मुकाट्यानें पत्करली नाहीं. तेथें 'बॉम्बे टाइम', ग्रीनिचच्या पुढें ४ तास ५१ मिनिटें, म्हणजे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटें मागें, १९५५ पर्यंत चालू राहिली. वरील कोष्टकांत तिची ओळच नाहीं. तेव्हां घरच्या पवित्र शास्त्राच्या कोऱ्या पानावर आजोबांचा जन्म १९३० सालीं मुंबईंत 'सकाळीं सात वाजतां' झाल्याची नोंद असेल, तर ते कोणत्या घड्याळाचे सात, हें पायथनला विचारून कळणार नाहीं. घरांत कोणी वडीलधारें असल्यास त्यांसच विचारून पाहावें.