बिघाड कुठे आहे?

(गिटारचा ॲम्प्लिफायर बंद पडला, तर बिघाड कसा शोधावा आणि दुरुस्त न होणाऱ्या यंत्राच्या चांगल्या भागांचा उपयोग कसा करावा, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तेथे मोठी यात्रा भरते. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनासाठी वर्षभर लोक येतात. अशा गर्दीत एखादे मूल हरवले, तर त्याचे नाव सर्वांच्या कानावर पडले पाहिजे. माणसाचा आवाज इतक्या दूर पोहोचत नाही. ते काम ध्वनिवर्धक, म्हणजे ॲम्प्लिफायर करतो. लग्नातील बँजो आणि ऑर्केस्ट्रातील गिटार यांनाही त्याचीच मदत लागते.

पूर्वी ॲम्प्लिफायरमध्ये काचेचे व्हॉल्व्ह असत. ते तापल्याशिवाय आवाज येत नसे. १९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन, वॉल्टर ब्रॅटन आणि विल्यम शॉक्ली या शास्त्रज्ञांच्या प्रयत्नांतून ट्रान्झिस्टरचा शोध लागला. त्याबद्दल १९५६ साली या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. ट्रान्झिस्टर लहान असतो. तो लगेच काम सुरू करतो आणि काचेसारखा फुटत नाही. पण फार तापला तर तो जळतो.

गिटारच्या ॲम्प्लिफायरच्या पेटीत चार मुख्य भाग असतात. पहिला भाग घरातील २३० व्होल्टची वीज यंत्राला लागेल तशी करून देतो. दुसरा भाग गिटारकडून आलेला दुबळा संदेश थोडा वाढवतो. तिसरा भाग त्या संदेशाला भरपूर ताकद देतो. चौथा भाग म्हणजे स्पीकर. तो विजेचा पुन्हा आवाज करतो. एक भाग बिघडला की सगळी पेटी गप्प होते. म्हणून लोकांना वाटते, सगळेच गेले. पण बहुतेक वेळा तसे नसते.

समजा, नांदुऱ्याच्या एका वाजंत्री पार्टीचा ॲम्प्लिफायर बंद पडला आहे. परवा लग्न आहे. विसार घेतलेला आहे. नवा ॲम्प्लिफायर घेण्याइतके पैसे नाहीत. गिटार वाजवणारा तरुण पेटी घेऊन खामगावला एका जुन्या कारागिराच्या दुकानात जातो.

“चाचा, हा मेला. आता नवाच घ्यावा लागेल.”

“मेला, की नुसता गप्प बसला आहे? आधी पाहू, बेटा. पाठीमागचा दिवा लागतो का?”

“नाही. काल कार्यक्रमात खट् असा आवाज झाला आणि दिवा गेला. घरी आल्यावर दुसऱ्या बटणावर लावून पाहिला. वायरही बदलली. मग फ्यूज बदलला, तर तोही लगेच उडाला. एक जण म्हणाला, फ्यूजच्या जागी जाड तार लावा.”

“लावली नाहीत ना?”

“नाही, चाचा. भीती वाटली.”

“भीती वाटली तेच बरे झाले. फ्यूज हा पहारेकरी आहे. आत गडबड झाली की तो स्वतः जळतो आणि बाकीच्यांना वाचवतो. जाड तार लावणे म्हणजे पहारेकऱ्याला हाकलणे. मग पेटी पेटते, कधी माणसाचा जीवही जातो.”

चाचांनी पिन काढलेली आहे याची खात्री केली आणि मागची फळी उघडली. तरुणाने आत बोट दाखवताच त्यांनी त्याचा हात धरला. “थांब. पिन काढली तरी या मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. ती आधी काढून टाकावी लागते.”

ते झाल्यावर त्यांनी स्पीकरच्या दोन्ही तारा सोडवल्या आणि दीड व्होल्टचा सेल क्षणभर त्या तारांना लावला. स्पीकरमधून ‘टक्’ असा आवाज आला. “स्पीकर जिवंत आहे,” चाचा म्हणाले. “आता याला बाजूलाच ठेवू. मशीनमध्ये दोष असेल, तर याचीही कॉइल जळेल.”

मग त्यांनी ॲम्प्लिफायर सिरीज बोर्डाला लावला. या बोर्डावर १०० वॅटचा बल्ब असतो. यंत्राकडे जाणारी वीज आधी या बल्बातून जाते. यंत्र चांगले असेल, तर बल्ब क्षणभर उजळतो आणि मंद होतो. आत शॉर्ट असेल, तर तो उजळलेलाच राहतो. येथे बल्ब लख्ख पेटला आणि तसाच राहिला. चाचांनी लगेच वीज बंद केली. मीटर लावून पाहिले, तर ताकद देणारे दोन्ही ट्रान्झिस्टर शॉर्ट झाले होते. त्यांच्याखालचा बोर्ड काळा पडला होता.

“काल जास्तीचा स्पीकर जोडला होता का?” चाचांनी विचारले.

“हो. मांडव मोठा होता, म्हणून बाहेर आणखी एक बॉक्स लावला.”

“हेच कारण. तुमचे मशीन आठ ओहमच्या एका स्पीकरसाठी आहे. आठ ओहमचे दोन स्पीकर बाजूबाजूला जोडले की चारच ओहम उरतात. मग ट्रान्झिस्टरमधून जवळजवळ दुप्पट वीज वाहते. पेटीवर कापडही टाकले असेल?”

“पाऊस येईल असे वाटले होते, म्हणून टाकले,” तरुण खाली पाहत म्हणाला.

“म्हणजे वाराही बंद. जळणार नाही तर काय होईल? हा बोर्ड आता सुधारत नाही आणि नवा परवापर्यंत मिळणार नाही.”

तरुणाने हात टेकले. तेव्हा चाचांनी फळीवरून एक जुना ॲम्प्लिफायर काढला. तो सभेत माइकसाठी वापरलेला होता. त्याचा स्पीकर फाटलेला होता, पण मशीन चांगले होते. “तुझ्याकडे चांगला स्पीकर आहे, माझ्याकडे चांगले मशीन आहे. दोन अर्धे मिळून एक सेट होईल. याची ताकद तुझ्या स्पीकरला झेपेल एवढीच आहे. फक्त तारा आठ ओहमच्या जागीच जोडायच्या आणि दुसरा बॉक्स लावायचा नाही.”

जोडणी झाली. गिटार लावली. आवाज पूर्वीइतका गोड नव्हता, पण स्वच्छ होता. लग्नाचे काम अडणार नव्हते.

जुन्या मशीनचा ट्रान्सफॉर्मर, उष्णता बाहेर टाकणारी ॲल्युमिनियमची पट्टी आणि आवाजाची बटणे चाचांनी डब्यात जपून ठेवली. ते भाग दुसऱ्या सेटला उपयोगी पडतात. जळका बोर्ड मात्र त्यांनी वेगळा ठेवला. असा ई-कचरा उकिरड्यावर टाकू नये. तांबे काढण्यासाठी वायर जाळू नये, कारण तिचा धूर विषारी असतो. ई-कचऱ्याचे नवे नियम देशात १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. असा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच द्यावा.

मित्रांनो, बटणात वीज आहे का, वायर तुटली आहे का, गिटारची पिन सैल आहे का, आवाजाचे बटण फिरवल्यावर खरखर होते का, एवढे तुम्हीही पाहू शकता. पण पेटी उघडण्याचे काम जाणकाराचेच आहे. ही विद्या शिकायची असेल, तर औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा अभ्यासक्रम असतो. खामगावला शासकीय तंत्रनिकेतनही आहे. चाचांनी एका वेळी एकच प्रश्न विचारला आणि सोप्याकडून अवघडाकडे गेले. कोणतीही बंद वस्तू टाकून देण्यापूर्वी तुम्हीही तसेच करा.

शब्दार्थ
विसार – काम ठरवताना आधी दिलेली रक्कम
कारागीर – हाताने कुशल काम करणारा
झेपणे – सहन होणे, पेलणे
उकिरडा – कचरा टाकण्याची जागा
हात टेकणे – निराश होणे, उपाय न सुचणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ट्रान्झिस्टरचा शोध कोणत्या साली लागला?
(आ) सिरीज बोर्डावरचा बल्ब उजळलेलाच राहिला, तर काय समजावे?
२. कारणे लिहा.
(अ) फ्यूजच्या जागी जाड तार लावू नये.
(आ) पार्टीच्या ॲम्प्लिफायरचे ट्रान्झिस्टर जळले.
३. ‘हात टेकणे’ आणि ‘कानावर पडणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.
४. तुमच्या घरातील एखाद्या बंद वस्तूचे कोणते भाग अजून उपयोगी आहेत, ते मोठ्या माणसांना विचारून पाच वाक्यांत लिहा.