दक्षिणा वेगळी, पगार वेगळा

अमेरिकेतल्या मंदिराचं बोलावणं आलं, धार्मिक कर्मचाऱ्यांचा आर-वन व्हिसा मिळाला, फार आनंद झाला. आता ग्रीन कार्डाचं ऐक. हा व्हिसा पहिल्यांदा जास्तीत जास्त 30 महिन्यांचा, वाढवला तरी एकूण 5 वर्षांचा. म्हणून कागद जमवायला इथूनच सुरुवात कर.

अर्ज आय-360 चा. तो मंदिर भरतं, स्वतःलाही भरता येतो. अर्जाआधीची सलग दोन वर्षं तू पौरोहित्यच करत होतास, हे त्यात दाखवायचं. ती वर्षं भारतातली असली तरी चालतात. तेव्हा नाशिकच्या देवळाच्या विश्वस्तांकडून तारखांसकट पत्र आत्ताच घेऊन ठेव, मागाहून कोण कुठे असेल सांगता येत नाही. वेदपाठशाळेचं प्रमाणपत्र, गुरुजींचं पत्र, दोन्हींची इंग्रजी भाषांतरं सोबत हवीत. पाद्र्यांसारखा दीक्षेचा दाखला आपल्यात नसतो, म्हणून किती वर्षं काय शिकलास ते सविस्तर लिहून घे. अर्ज पुरोहित म्हणूनच जाऊ दे. इतर धार्मिक कर्मचाऱ्यांचा वर्ग तिथली संसद मुदत वाढवत वाढवत चालवते, त्यावर विसंबू नकोस.

सगळ्यात जपायचं ते पैशाचं. पगार चेकने घे. मंदिर खोली आणि जेवण देत असेल तर नेमणूकपत्रात तसं लिहून घे, तेही मोबदल्यात धरतात. दरवर्षीचा डब्ल्यू-टू, म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, फाइलला लाव. सत्यनारायणाला, वास्तुशांतीला लोक प्रेमाने बोलावतील आणि हातात पाकीट ठेवतील. तेव्हा सांगायचं, ‘मंदिरात नोंद करा, पावती तिथे फाडा.’ ज्या मंदिराने तुझ्या व्हिसासाठी अर्ज केला, त्याच्याचसाठी काम करायची तुला परवानगी. परस्पर काम बेकायदा ठरतं, आणि बेकायदा काम ग्रीन कार्डाच्या वाटेत अडचण ठरू शकतं. एका पाकिटापायी सगळं अडेल, मला त्याचीच काळजी वाटते.

बायकोला आर-टू मिळेल, त्यावर नोकरी करता येत नाही. घरखर्चाचं दोघांनी निघण्याआधीच बोलून घ्या.

दोन वर्षं भरली की अर्जाला उशीर नको. रांगेतला नंबर अर्ज दाखल झाल्या तारखेने लागतो, आणि 2023 पासून ही रांग वर्षानुवर्षं लांबली आहे. तपासनीस मंदिरात येऊन तुझं काम विचारतात. कमिटीने कायम देणगीच्या टेबलावर किंवा झाडलोटीला बसवलं, तर नम्रपणे नाही म्हण. आठवड्याचे 35 तास पूजाअर्चेचेच दिसायला हवेत. काकड आरतीपासून शेजारतीपर्यंतचं वेळापत्रक अध्यक्षांच्या सहीनिशी फाइलमध्ये असू दे.