सुक्या वैरणीतून सकस आहार
सिंधुदुर्गातील पशुपालकांसाठी काही उपयुक्त विचार

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. मालवण, देवगड आणि वेंगुर्ले या किनारपट्टीच्या तालुक्यांतील सडे, वरकस जमिनी आणि शेतांच्या मेरा जून ते सप्टेंबर या काळात गवताने झाकून जातात. असे असूनही मार्च उजाडला की याच भागात वैरणीची चणचण भासू लागते. जनावरांच्या बरगड्या दिसू लागतात, दुभती म्हैस आटते आणि विकतच्या पेंडीवरील खर्च दुधाच्या उत्पन्नाला गिळून टाकतो. गवत मुबलक असताना ही स्थिती का यावी? गवत केव्हा कापले जाते, कसे साठवले जाते आणि जनावरांपुढे कोणत्या स्वरूपात टाकले जाते, या तीन प्रश्नांत या कोड्याचे उत्तर दडलेले आहे.

कापणीची वेळ

गवत फुलोऱ्यावर येते तेव्हा त्यात प्रथिनांचे प्रमाण साधारणतः ६ ते ७ टक्के असते. पुढे बी धरून झडून गेले की हेच प्रमाण २ ते ३ टक्क्यांवर येते. काडी कठीण होते आणि तिची पचनीयता घटते. कुसळी गवताची टोकदार कुसळे तर जनावरांच्या तोंडाला इजा करतात. आपल्याकडे भाताची कापणी आणि झोडणी उरकल्यावरच मनुष्यबळ मोकळे होते. त्यामुळे गवत कापण्यास मार्गशीर्ष उजाडतो. तोवर त्यातील पोषक अंश निघून गेलेला असतो.

पाऊस ओसरताच, ऑक्टोबर महिन्यात, निदान घराजवळच्या गवताची कापणी आधी करून घेणे हिताचे ठरते. कापलेले गवत पातळ पसरून, दिवसातून एकदोनदा उलथून वाळवावे. हिरवट रंग राहील आणि काडी पिळली असता ओल जाणवणार नाही, इतपत वाळले की ते साठवणीस योग्य झाले असे समजावे. अधिक उन्हात पडून राहिलेल्या गवताची पाने झडतात, आणि पोषण तर पानांतच अधिक असते.

उडवी रचताना खाली दगड अथवा लाकडे घालून ती जमिनीपासून उंच ठेवावी आणि माथा उतरता ठेवावा. ओलसर गवत उडवीत गेल्यास बुरशी धरते. वणव्याच्या भीतीने उडवीभोवतीची जागा साफ ठेवणेही अगत्याचे आहे.

भाताचा पेंढा

किनारपट्टीवरील गोठ्याचा मुख्य आधार म्हणजे भाताचा पेंढा. परंतु त्यात प्रथिने केवळ ३ ते ४ टक्के असून सिलिकेचे प्रमाण अधिक असते. त्यातील ऑक्झलेटमुळे कॅल्शियमही शरीरास पुरेसे मिळत नाही. शिवाय हापूसच्या हंगामात आंब्याच्या अढीसाठी आणि पेट्यांसाठी याच पेंढ्याला मागणी येते. ज्या महिन्यांत जनावराला वैरणीची सर्वांत अधिक गरज असते, त्याच महिन्यांत पेंढा गोठ्याबाहेर जातो. म्हणून विक्रीपूर्वी आपल्या गरजेचा हिशेब करावा. एका लहान गाईस दररोज ४ किलो पेंढा धरल्यास नोव्हेंबर ते जून या आठ महिन्यांत सुमारे १० क्विंटल पेंढा लागतो. तेवढा बाजूस ठेवूनच उरलेला विकावा.

पेंढ्यावर युरिया प्रक्रिया

पेंढ्याचा कस वाढविण्याची स्वस्त आणि घरच्या घरी करता येण्याजोगी रीत म्हणजे युरिया प्रक्रिया. १०० किलो सुक्या पेंढ्यास ४ किलो युरिया आणि सुमारे ५० लिटर पाणी हे प्रमाण घ्यावे. फरशीवर किंवा प्लॅस्टिकच्या कापडावर पेंढ्याचा थर पसरून त्यावर युरियाचे पाणी झारीने सारखे शिंपडावे आणि थर पायाने घट्ट दाबावा. असे थरावर थर रचून संपूर्ण ढीग प्लॅस्टिकने हवाबंद झाकावा. युरियापासून निघणारा अमोनिया काडीतील कठीण तंतू सैल करतो आणि पेंढ्यात नत्राची भर घालतो. २१ दिवसांनी ढीग एका बाजूने उघडून रोजच्यापुरता पेंढा काढावा आणि तासभर पसरून वास उडाल्यावर जनावरांना द्यावा. प्रारंभी जनावरे तो खाण्यास कुरकुर करतात. म्हणून पहिले काही दिवस साध्या पेंढ्यात मिसळून द्यावा.

या प्रक्रियेने पेंढ्यातील प्रथिनांचे प्रमाण ७ ते ८ टक्क्यांपर्यंत वाढते. म्हणजे ४ किलो पेंढ्यातून जनावरास सव्वाशे ग्रॅमहून अधिक जादा प्रथिने मिळतात. अर्धा किलो खोबऱ्याच्या पेंडीतही जवळजवळ तेवढीच प्रथिने असतात. अनुदानित दराने ४ किलो युरिया २५ रुपयांच्या आत मिळतो. म्हणजे प्रक्रियेस लागणाऱ्या युरियाचा खर्च पेंढ्याच्या किलोमागे पंचवीस पैशांच्या आतबाहेर येतो.

मात्र सावधगिरी आवश्यक आहे. युरिया कोरडा किंवा पाण्यात विरघळवून जनावरास थेट कधीही देऊ नये. त्याने विषबाधा होऊन जनावर दगावू शकते. सहा महिन्यांखालील वासरांना प्रक्रिया केलेला पेंढा देऊ नये.

घोड्यांचे काय?

युरियातील नत्राचा उपयोग रवंथ करणाऱ्या जनावरांच्या कोठीपोटातील सूक्ष्म जीव करून घेतात. घोड्यास असे कोठीपोट नसते. त्याच्या वैरणीचे पचन आतड्याच्या मागील भागात होते. त्यामुळे प्रक्रिया केलेला पेंढा घोड्यासाठी नाही. माथेरानसारख्या ठिकाणी आजही घोड्यांवर अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो. अशा घोड्यास वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे ३०० किलोच्या घोड्यास साडेचार ते सहा किलो, वेळेवर कापलेले, धूळ व बुरशी नसलेले वाळले गवत द्यावे. बुरशीच्या गवताने घोड्यास पोटशूळ आणि श्वासाचे विकार होतात. कुळथास इंग्रजीत घोड्याचा हरभरा अशा अर्थाचे नाव आहे, ते त्याच्या या जुन्या उपयोगावरूनच. भिजवून शिजवलेला कुळीथ थोड्या प्रमाणात दिल्यास कष्टाच्या घोड्याची प्रथिनांची गरज भागविण्यास मदत होते.

घरचा पूरक आहार

भातानंतर आपल्याकडे कुळथाचे पीक घेतले जाते. त्याचा भुसा पेंढ्यापेक्षा पुष्कळ सकस असून तो वाया घालवू नये. कुंपणाच्या गिरिपुष्पाचा पाला प्रथिनांनी समृद्ध आहे. तो किंचित सुकवून गाई-म्हशींच्या वैरणीत मिसळता येतो. घोड्यास मात्र हा पाला आणि सुबाभूळ दोन्ही वर्ज्य समजावीत.

अडीचशे किलो वजनाच्या, दोन-तीन लिटर दूध देणाऱ्या गाईचा दैनिक आहार पुढीलप्रमाणे बसविता येईल : प्रक्रिया केलेला पेंढा ४ किलो, कुळथाचा भुसा १ किलो, गिरिपुष्पाचा पाला ३ किलो, भाताचा कोंडा व खोबऱ्याची पेंड मिळून १ किलो, खनिज मिश्रण ४० ग्रॅम आणि मीठ २५ ग्रॅम. दूध याहून अधिक असल्यास त्या मानाने पेंड वाढवावी. जांभ्या दगडाच्या जमिनीत चुना आणि स्फुरद कमी असल्याने खनिज मिश्रण टाळू नये. पेंढ्याची कुट्टी करून दिल्यास पायदळी जाणारी वैरणही वाचते.

पशुपालक बंधुभगिनींनी यंदा निदान एका क्विंटल पेंढ्यावर ही प्रक्रिया करून पाहावी. नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून अथवा किर्लोस येथील कृषी विज्ञान केंद्रातून मार्गदर्शन घ्यावे आणि पहिली प्रक्रिया जाणकाराच्या देखरेखीखाली करावी. निसर्गाने पावसाळ्यात दिलेले गवत वेळेवर कापून नीट राखले, तर वैशाखातही गोठ्यातील दुधाची धार टिकून राहील.