पुळणीवरचा सत्कार
(द्वितीय वर्ष, कला)

'कर्तृत्ववान तरुण' हा शब्द कानांवर पडला, की आपल्या डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र उभे राहते. व्यासपीठ, हारतुरे, शाल आणि श्रीफळ, अध्यक्षांचे भाषण आणि शेवटी आभारप्रदर्शन! असे समारंभ वाईट असतात असे मला म्हणावयाचे नाही. पण ज्याचे काम रात्री चालते, ज्या कामाला प्रेक्षक नसतात आणि ज्याचे फळ पाहावयास दहा-पंधरा वर्षे थांबावे लागते, अशा तरुणाचा गौरव कोणी आणि कसा करावयाचा? हा प्रश्न मला आंजर्ल्याच्या कासव महोत्सवाने शिकविला. त्या महोत्सवामागच्या कामाचा थोडासा अभ्यास आपणांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम थोडा इतिहास पाहू. चिपळूणची 'सह्याद्री निसर्ग मित्र' ही संस्था १९९२ साली स्थापन झाली. २००२ साली समुद्रगरुडांची पाहणी करीत असता तिच्या कार्यकर्त्यांना मंडणगड तालुक्यातील वेळास येथे कासवांच्या अंड्यांची टरफले आढळली. समुद्री कासवे आपल्या किनाऱ्यावर अंडी घालतात, आणि ती अंडी माणसे, कुत्रे व कोल्हे खाऊन टाकतात, हे त्या वेळी ध्यानात आले. श्री. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखण्यास सुरुवात केली. २००६ साली वेळासला पहिला कासव महोत्सव भरला. पुढे हे काम किनाऱ्यावरील इतर गावांत पसरले. दापोली तालुक्यातील आंजर्ले हे त्यांपैकीच एक. आज वन विभाग आणि गावातील तरुण मिळून हे काम करतात. या तरुणांना 'कासवमित्र' असे नाव पडले आहे.

यात एक गंमत आहे. आपल्याकडे शंकराच्या देवळात नंदीपुढे दगडी कासव असते. आपण त्याला हात लावून नमस्कार करतो. कूर्मावताराची कथा तर घरोघरी ठाऊक आहे. असे असूनही पुळणीतली अंडी उकरून खाणे किंवा विकणे यात कोणाला काही वावगे वाटत नसे. देवळातले कासव आणि किनाऱ्यावरचे कासव ही दोन एकच आहेत, हे समजावून सांगणे ही या कामाची पहिली पायरी होती. केवळ १९७२ च्या वन्यजीव कायद्याचा धाक दाखवून ते झाले नसते. गावातल्याच मुलाने गावातल्याच काकांना सांगितले, म्हणून ते पटले.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते पाहू. आपल्या किनाऱ्यावर मुख्यतः ऑलिव्ह रिडले जातीची कासवे येतात. साधारण नोव्हेंबर ते मार्च हा त्यांचा हंगाम. मादी रात्री भरतीच्या रेषेच्या वर येते, मागच्या पायांनी दीड फूट खोल, रांजणासारखा खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळूने खड्डा बुजविते आणि समुद्रात परत जाते. पिल्लांचे तोंड ती कधीही पाहत नाही. मागे राहतो तो फक्त तिच्या सरपटण्याचा माग. तो माग भरतीने किंवा वाऱ्याने पुसून जाण्याआधी कासवमित्राने किनारा चालून काढावा लागतो. म्हणून तो उत्तररात्री आणि पहाटे फिरतो. घरटे सापडले, की अंडी न हलविता, न उलटता अलगद काढावयाची, जाळी लावून कुंपण केलेल्या जागेत तेवढ्याच खोलीचा खड्डा खणून ठेवावयाची आणि वर तारीख व अंड्यांची संख्या लिहावयाची. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक निपजतात, कमी तापली तर नर. म्हणजे जागा निवडणे हेसुद्धा जोखमीचे काम! हजार पिल्लांमागे एखादेच मोठे होते असे सर्वसाधारणपणे मानतात. हे कळले, की एकेका घरट्याचे मोल कळते.

गेल्या मार्चमध्ये आम्ही वर्गातील काही मुली आंजर्ल्याला गेलो. कड्यावरच्या गणपतीचे दर्शन घेऊन खाली किनाऱ्यावर उतरलो. मुंबई-पुण्याची पुष्कळ माणसे दोरीच्या अलीकडे शांत उभी होती. एका तरुणाने टोपली आणली आणि पिल्ले पाण्यापासून काही अंतरावर वाळूत सोडली. ती थेट पाण्यात का सोडत नाहीत, असे मी विचारले. त्यांनी ते अंतर स्वतः चालून जावे, कारण याच किनाऱ्याची खूण त्यांच्यात राहते असे शास्त्रज्ञ मानतात, असे त्याने सांगितले. शेवटचे पिल्लू लाटेत गेले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजविल्या. टाळ्या पिल्लाला होत्या. टोपली घेऊन परत निघालेल्या मुलाकडे फारसे कोणी पाहिले नाही. त्यालाही त्याचे काही वाटलेले दिसले नाही.

या महोत्सवाने गावाला काय दिले? पर्यटक गावातील घरांतून उतरतात. मोदक, सोलकढी आणि माशाचे कालवण यांचे पैसे घरातील बायकांच्या हाती येतात. कासव राखल्याने चूल पेटते, हे दिसल्यावर राखण करणाऱ्याला 'रिकामटेकडा' म्हणणारे गप्प होतात. परंतु सगळेच गोड आहे असे नाही. हंगाम चार-पाच महिन्यांचा, मानधन बेताचे. उरलेल्या दिवसांत काय करावयाचे? कोकणातल्या मुलाला मुंबईचा रस्ता जन्मापासून ठाऊक असतो. त्यातच गर्दी वाढली, की किनाऱ्यावर गाड्या, दिवे आणि गोंगाट येतो, आणि उजेडाने मादी बिचकते. उत्सव मोठा झाला आणि कासव यावयाचे थांबले, असे होऊन चालणार नाही.

माझे वडील होडीवर खलाशी आहेत. कासव जाळ्यात आले म्हणजे काय होते, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. जाळे कापावे तर हजारोंचे नुकसान, न कापावे तर जीव जातो. शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये, संरक्षित प्राणी सोडविण्यासाठी जाळे कापल्यास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना काढली. हे मी वडिलांना वाचून दाखविले, कारण आमच्या घरात सरकारी मराठी वाचणारी मीच पहिली. शिक्षणाचा उपयोग काय, असे घरी पुष्कळदा विचारतात. त्या दिवशी कोणी विचारले नाही.

आणि या कामाने शास्त्राला काय दिले? २०२२ च्या जानेवारीत भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आपल्या किनाऱ्यावरील कासवांना उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसविली. त्यांतील आंजर्ल्याच्या मादीचे नाव 'सावनी' ठेवले होते. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली खुणेचा बिल्ला लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना आढळली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवे वेगळी, ही समजूत त्यामुळे पुन्हा तपासावी लागली. हा बिल्ला कोणाला दिसला? जो माणूस रात्री किनाऱ्यावर होता, त्याला. प्रयोगशाळेत बसून तो दिसला नसता.

आंजर्ल्यापासून जवळच मुरूड. महर्षी कर्वे तेथे वाढले. मुरूडचा एक मुलगा परीक्षेसाठी डोंगर तुडवीत साताऱ्यास चालत गेला आणि वय लहान दिसते म्हणून परत पाठविला गेला, ही कथा आपल्याला ठाऊक आहे, कारण ती लिहिली गेली. आज किनाऱ्यावर चालणाऱ्या मुलांची नोंद फक्त घरट्यावरच्या पाटीत असते: तारीख आणि अंड्यांची संख्या. त्या पाटीवर लिहिणाऱ्याचे नाव नसते.

मित्रहो, आपण कला शाखेचे विद्यार्थी. अंडी मोजणे आपल्या अभ्यासक्रमात नाही. पण माणसे मोजणे, त्यांना विचारणे आणि त्यांचे लिहून ठेवणे आपल्याला येते. आपल्या गावातील एका तरी अशा तरुणाची किंवा तरुणीची माहिती प्रत्येकाने लिहून काढली आणि ती वार्षिकाकडे दिली, तर शाल-श्रीफळाची वाट पाहावी लागणार नाही. सुरुवात म्हणून मी ही आंजर्ल्याची नोंद देत आहे.