कोणी सांगितलं, हे विचारू नका

चि. केतकी,


गैरव्यवहार कळवण्यासाठी हॉटलाइन उभारायचं काम कंपनीने तुझ्याकडे सोपवलं, हे वाचून फार बरं वाटलं. दोन एजन्सींचे दर पाठवून कोणती निवडू, असं तू विचारलं आहेस. तो निर्णय शेवटी घेतलास तरी चालेल. फोन कुणीही उचलेल. फोन करणाऱ्याचं नाव शोधायचा प्रयत्न तुमच्याकडे कुणीच, अगदी मालकसुद्धा, करणार नाही, याची तजवीज मात्र आधी व्हायला हवी. ती नसेल तर हॉटलाइन नुसती निरुपयोगी ठरत नाही, ती विश्वासाने बोलणाऱ्याला अडकवते. माझं हे मत ठाम आहे.

अफरातफर उघडकीला कशी येते, ते आधी बघ. अफरातफर तपासनिसांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, एसीएफईच्या, 2024 च्या अहवालात 43 टक्के प्रकरणं कुणीतरी दिलेल्या माहितीवरून बाहेर आली. अंतर्गत लेखापरीक्षणाचा वाटा 14 टक्के, बाहेरच्या ऑडिटरांचा जेमतेम 3. माहिती देणाऱ्यांत निम्म्याहून अधिक त्याच संस्थेचे कर्मचारी होते. यात नवल नाही, कारण चोरी करणारा कागद जुळवूनच चोरी करतो. भंगाराच्या ट्रकचं वजन काट्यावरच कमी दाखवलं, की चलन, गेटपास आणि बिल एकमेकांशी तंतोतंत जुळतात. ठेकेदाराने हजेरीपटावर घुसवलेली चार खोटी नावं ऑडिटरला दिसत नाहीत. ती माणसं कधी कामावर आलीच नाहीत, हे शेजारच्या मशिनवरच्या ऑपरेटरला ठाऊक असतं. मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेत पंजाब नॅशनल बँकेला तेरा हजार कोटींहून अधिक रकमेचा गंडा घातला गेला. बँकांच्या स्विफ्ट या संदेशयंत्रणेवरून हमीपत्रं जात होती आणि बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीत त्यांची नोंदच होत नव्हती. हे वर्षानुवर्षं चाललं. संबंधित अधिकारी निवृत्त झाल्यावर नव्या माणसाने तारण मागितलं, तेव्हा 2018 च्या जानेवारीत ते फुटलं. म्हणजे तपासणीची यंत्रणा कितीही भक्कम केलीस, तरी जवळून पाहणाऱ्या माणसाची जागा ती घेऊ शकत नाही.

मग तो माणूस गप्प का बसतो? त्याला आपल्या नावाची भीती वाटते, आणि ती निराधार नाही. सत्येंद्र दुबे या अभियंत्याने सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या बिहारमधल्या कामातला भ्रष्टाचार पंतप्रधान कार्यालयाला कळवला आणि आपलं नाव गुप्त ठेवायची विनंती केली. पत्र नावासकट टेबलांवरून फिरलं. 27 नोव्हेंबर 2003 रोजी गयेत त्याची गोळी घालून हत्या झाली. न्यायालयाने पुढे तो लूटमारीचा प्रकार मानला, पण मागितलेली गुप्तता त्याला मिळाली नव्हती, ही गोष्ट त्या निकालाने पुसली जात नाही. 2014 मध्ये अशा लोकांना संरक्षण देणारा कायदा संसदेने संमत केला. तो अजून लागू झालेला नाही. अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेच्या एका व्यवस्थापकाने वरिष्ठांना आणि बँकेच्याच हॉटलाइनला संशयास्पद व्यवहार कळवले. 2010 मध्ये त्याची नोकरी गेली. त्याला कामावर परत घ्या आणि चौपन्न लाख डॉलर द्या, असा आदेश तिथल्या कामगार खात्याने दिला, पण त्याला 2017 उजाडलं. हॉटलाइन होती, नंबर होता, आणि माणूस सात वर्षं घरी.

या सगळ्यात बार्कलेजचं उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. 2016 मध्ये या ब्रिटिश बँकेत एका नव्या वरिष्ठ नेमणुकीबद्दल निनावी पत्रं आली. मुख्याधिकारी जेस स्टेली यांनी ती कुणी लिहिली, हे शोधायला बँकेचा सुरक्षा विभाग लावला. लेखक सापडला नाही, पण नियामकांनी 2018 मध्ये स्टेली यांना 6 लाख 42 हजार पौंडांहून अधिक दंड ठोठावला. धोरण, समिती, सगळं त्या बँकेत होतं. वरच्या माणसाचं कुतूहल आवरणारी भिंत तेवढी नव्हती. तुमच्याकडेही पहिलं पत्र आलं की पहिला प्रश्न हाच येईल: हे कोणाचं काम?

तुला विरोध होईल, आणि तो सगळाच चुकीचा असणार नाही. निनावी सोय दिली की खुन्नस काढणारे लिहितील, असं म्हणतील. लिहितीलही. 2019 मध्ये इन्फोसिसच्या वरिष्ठांविरुद्ध निनावी आरोप झाले, शेअर एका दिवसात सुमारे 16 टक्क्यांनी पडला, आणि काही महिन्यांनी ऑडिट कमिटीने आरोपांत तथ्य नसल्याचा निष्कर्ष काढला. नुकसान खरं होतं. पण आरोप निकालात निघाले ते चौकशीने. लिहिणारा कोण, हे कळून ते खरे किंवा खोटे ठरले नसते. दुसरं कुणी दाखवून देईल की केंद्रीय दक्षता आयोगही माहिती देणाऱ्यांच्या संरक्षणाच्या योजनेत निनावी तक्रार घेत नाही. बरोबर आहे, पण तिथे नाव एका तिसऱ्या, दूरच्या संस्थेकडे राहतं. तुमच्या कारखान्यात आवाजावरून माणूस ओळखतात. निनावी माणसाला पुढचे प्रश्न विचारण्यासाठी तक्रारीला क्रमांक आणि पिन देता येतो. तो वापरून त्याने पुन्हा फोन करायचा. आणि ‘माझं दार सगळ्यांना उघडं आहे’ असं तुमचे एमडी मनापासून म्हणतील. त्या दारापर्यंत जाताना खरेदीप्रमुखाची केबिन लागते, एवढं त्यांना आदराने सांग.

कायदा तुझ्या बाजूने आहे. तुमची कंपनी शेअर बाजारात नसली, तरी बँकांचं कर्ज पन्नास कोटींच्या वर असल्यामुळे अशी यंत्रणा सक्तीची करणारं 2013 च्या कंपनी कायद्याचं 177 वं कलम तुम्हाला लागू होतं. ऑडिट कमिटी नसेल तर मंडळाने यासाठी एक संचालक नेमायचा असतो. एमडी किंवा वित्तप्रमुखांविरुद्धची माहिती थेट त्या समितीकडे किंवा संचालकाकडे जावी, तुझ्याकडेही नाही. चौकशी करताना एकाच ट्रकचं वजन तपासू नका. त्या महिन्यातले सगळे ट्रक, सगळ्या ठेकेदारांचे हजेरीपट काढा, म्हणजे बोट कोणी दाखवलं हे कळणार नाही. कंपनीच्या एक्स्टेंशनवरून किंवा वायफायवरूनच पोचता येईल अशी सोय नको, आणि तक्रारपेटी कॅमेऱ्याखाली नको. मराठीइतकीच हिंदीही हवी. कंत्राटी मुलं बिहार-ओडिशाहून आलेली आहेत. ओव्हरटाइम आणि रजेच्या तक्रारी भरपूर येतील, त्या एचआरकडे पाठव, हाकलू नकोस. लैंगिक छळाची तक्रार आली तर ती कायद्याने नेमलेल्या अंतर्गत समितीची आहे. युरोपीय संघाच्या 2019 च्या निर्देशात सात दिवसांत पोच आणि तीन महिन्यांत उत्तर असा नियम आहे, तोच घ्या.

एजन्सी निवडण्याआधी मंडळाकडून एक ठराव करून घे: तक्रारदार कोण, हे शोधणं हेच स्वतंत्र गैरवर्तन मानलं जाईल, आणि हे एमडींनाही लागू राहील. खाली त्यांची सही हवी. ती मिळेपर्यंत कॅन्टीनमध्ये पोस्टर लावू नकोस, कुणी कितीही घाई केली तरी.

तुझा,
काका