जड पांघरुणांची आवराआवर

होळी पेटली की थंडी पळाली, असं म्हणतात. नाशकातून ती पळते खरी, पण जाताना घरात पांघरुणांचा ढीग टाकून जाते. डिसेंबर-जानेवारीत निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रातला पारा पेपरात छापून येतो, तेव्हा एकावर एक दोन पांघरुणंही पुरत नाहीत. मार्चअखेरीला तीच नुसती अंगावर येतात.

बहुतेक घरांत यांचे चार-पाच प्रकार असतात: जुन्या साड्यांची, धावदोऱ्याची गोधडी, कापसाची रजई, आजोबांच्या वेळचं घोंगडं, पानिपतचं मिंक ब्लँकेट. अलीकडे त्यात एकाची भर पडली आहे, ते म्हणजे 'वजनदार ब्लँकेट'. चौकोनी कप्प्यांत काचेचे बारीक मणी भरलेलं हे पांघरूण पाच ते नऊ किलोंचं असतं, आणि आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाचं घ्यावं असं विकणारे सांगतात. गोधडीच्या वजनाखाली झोप छान लागते हे आपल्या आज्यांना सांगावं लागत नव्हतं, पण ते असो.

पावसाळ्यात कपाट उघडल्यावर कुबट वास आला की आपण कपाटाला बोल लावतो. माझ्या मते दहातल्या नऊ वेळा दोष वाळवणीचा असतो. म्हणून या कृतीत घडीपेक्षा गच्चीला जास्त जागा दिली आहे.

साहित्य: दोन माणसं (एकट्याने जमतं, पण कंबर कुरकुरते), जुन्या सुती साड्या किंवा धोतरं, प्रवासाचं सामान तोलायचा हुकाचा काटा, सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला, वेखंडाचे तुकडे, सुई-दोरा, थोडे कागद आणि पेन.

मुहूर्त: रंगपंचमी उलटली की सुरुवात करावी आणि अक्षय्य तृतीयेच्या आत उरकावं. खुद्द रंगपंचमीला गच्चीवर काही घालू नका. जुन्या नाशकात त्या दिवशी पेशवेकालीन रहाडी उघडतात आणि रंग कुठवर उडेल ते सांगता येत नाही. दुसरी काळजी अवकाळीची. मार्च-एप्रिलमधलं आभाळ द्राक्षबागाईतदाराला झोपू देत नाही. आपणही दाट ढग दिसत असताना रजया वाळत घालून ऑफिसला जाऊ नये.

१. आधी तोला, मग धुवा. कोरडी गोधडी साडीत बांधून काट्याच्या हुकाला अडकवा आणि वजन कागदावर लिहून ठेवा. याचा उपयोग पुढे आहे. त्याच वेळी उसवलेले टाके भरून घ्या. भिजलेल्या गोधडीचं वजन दुपटीच्या पुढे जातं, आणि त्या ओढीने एक सुटलेला टाका वीतभर होतो.

२. धुणं. गोधडी मोठ्या टबात कोमट पाण्यात भिजवून पायांनी तुडवावी. धोपाटण्याने बडवू नये. विरलेलं लुगडं आतल्या आत फाटतं आणि बाहेरून कळतही नाही. नवरात्राआधी गोदाघाटावर गोधड्यांची जत्रा भरायची, ते दिवस आठवणारे पुष्कळ आहेत. आता नदीत कपडे धुवायला महापालिकेची मनाई आहे आणि गोदावरीची अवस्था पाहता ती योग्यच आहे. सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याला उतार आहे तिथे हे काम करावं.

कापसाची रजई मात्र धुवायचीच नाही. पाणी लागलं की कापसाचे गोळे होतात आणि मग पिंजाऱ्याशिवाय इलाज नाही. तिची खोळ काढून तेवढी धुवा.

घोंगडं गरम पाण्यात घातलं की आटतं, घट्ट होतं. थंड पाणी, रिठा, हलक्या हाताने दाबणं आणि पिळणं अजिबात नाही. खरं तर दरवर्षी धुण्याचीही गरज नसते. झटकून ब्रश मारला तरी भागतं. घोंगड्याच्या सुताला चिंचोक्याची खळ दिलेली असते, त्यामुळे पहिल्या काही धुण्यांना पाणी गढूळ येतं, घाबरू नये.

मण्यांच्या ब्लँकेटला बहुधा वेगळं कव्हर असतं, तेवढंच मशीनमध्ये टाका. आतला भाग सहा-सात किलोंच्या घरगुती मशीनमध्ये कोंबला तर ओला गोळा एका बाजूला जातो आणि ड्रम आदळायला लागतो. डाग पडला असेल तर तेवढाच ओल्या फडक्याने पुसून घ्यावा.

३. वाळवणं. इथे घाई नको. ओली गोधडी लगेच दोरीवर टाकू नका. बाजेवर किंवा प्लास्टिकच्या दोन खुर्च्यांवर आडवी टाकून तासभर पाणी निथळू द्या. मग पॅरापेटवर (आधी कबुतरांची घाण पुसून) किंवा जाड पाइपवर घाला. नायलॉनच्या बारीक दोरीने कापडावर कायमची रेघ उठते आणि सगळा भार टाक्यांवर येतो. दोरीशिवाय पर्याय नसेल तर हातभर अंतरावर दोन दोऱ्या बांधून दोन्हींवर मिळून पसरा. मण्यांचं ब्लँकेट आणि घोंगडं आडवंच वाळवायचं, टांगायचं नाही.

नाशिकच्या एप्रिलच्या उन्हात वरचा पदर दुपारपर्यंत कडक होतो आणि आपण फसतो. गोधडीत साड्यांचे चार-सहा थर असतात, मधला थर अजून ओलाच असतो. दुपारी उलटवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन द्या. मग तिची चार घड्यांची चळत करून सावलीत अर्धा तास ठेवा आणि मधोमध हात घालून हाताची मागची बाजू टेकवा. गार लागलं तर ओल आहे.

हाताचा भरवसा नसेल तर काटा काढा. कापूस हवेतली ओल सतत पीत-सोडत असतो. साधारण हवेत त्याच्या कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्के पाणी त्यात असतंच. लोकरीत तर सोळा टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे साडेतीन किलोंच्या गोधडीत शंभर-दीडशे ग्रॅमचा फरक नुसत्या हवेने पडू शकतो. पण धुण्याआधीच्या वजनापेक्षा ती पाव किलोने जड भरली, तर ते आतलं पाणी आहे. पुन्हा गच्चीवर न्या. लोकरीच्या बाबतीत ही परीक्षा जास्त गरजेची, कारण बरंच पाणी पिऊनही ती हाताला कोरडी लागते.

ऊन कलायच्या आत सगळं खाली आणा, पण तापलेलं पांघरूण लगेच बांधू नका. निवू द्या.

४. घडी. बरोब्बर मधोमध दुमडणं ही आपली सवय. दरवर्षी त्याच रेघेवर दुमडून गोधडी आधी तिथेच विरते. तिची घडी तिहेरी घाला. दोघांनी समोरासमोर उभं राहून चारी कोपरे धरा, एकदा झटका, आणि लांबीच्या बाजूने एक तृतीयांश भाग आत घ्या, त्यावर दुसरा. काठ आत जातात. मग दोन्ही टोकं मध्याकडे आणा, पण एकमेकांना भिडवू नका; चार बोटांची फट ठेवून पुस्तकासारखी मिटा. त्या फटीमुळे मधली दुमड गोलसर राहते, चेपत नाही. दुमडीत जुन्या साडीची गुंडाळी सरकवली तर आणखी चांगलं. पुढच्या वर्षी याच गोधडीची चौघडी घाला. यंदा कुठली घातली ते चिठ्ठीवर लिहा, नाहीतर कोणाच्याही लक्षात राहत नाही.

एकटं असाल तर उभ्याने झटापट करू नका. पलंगावर पसरा, कड धरून ओढत दुसऱ्या बाजूवर आणा आणि कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताने दाबत हवा काढा. मण्यांचं ब्लँकेट नेहमी असंच घडी करायचं. दुमड शिलाईच्या रेघेवर यावी. भरलेल्या कप्प्यावर आली तर मणी एका बाजूला लोटले जाऊन शिवणीला ताण बसतो. तीन पदर पुरे, जास्त केले तर गठ्ठा उचलता येत नाही. उचलताना उकिडवं बसा, गठ्ठा पोटाशी धरा, मग उठा.

घोंगड्याची घडी न घालता वळकटी करावी. रजई सैल दुमडावी, दाबू नये.

५. वेष्टन. सुती साडीचं बोचकं, गाठ सैल. एवढंच. दुकानातून येणाऱ्या चेनच्या प्लास्टिक पिशवीत मिंक ब्लँकेट राहू शकतं, ते कृत्रिम धाग्याचं असतं. तरी चेन दोन बोटं उघडी ठेवा. हवा ओढून चपट्या होणाऱ्या पिशव्यांचा मोह सगळ्यांना होतो. मिंकला त्या चालतील. रजईचा कापूस मात्र त्यात दबून पापडासारखा होतो, आणि काचेचे मणी काही दबत नाहीत, म्हणजे पैसे फुकट.

लोकरीत कसर लागते, कारण पतंगाच्या अळ्या लोकरच खातात. घाम आणि तेलकट डाग असतील तर त्यांची आणखी चंगळ. म्हणून स्वच्छता हा पहिला उपाय. वेखंड आणि कडुनिंब त्याला जोड म्हणून. पाला कापडी पुरचुंडीत घाला, थेट कापडावर ठेवला तर पिवळे डाग पडतात. डांबर गोळ्या वापरायच्याच असतील तर कागदात गुंडाळून आणि बंद पेटीतच. कापूर आणि डांबर गोळ्या एकत्र टाकू नयेत.

६. जागा. सर्वात जड ते सर्वात खाली: मणी, त्यावर गोधड्या, मग मिंक, अगदी वर रजई. माळ्यावर फक्त हलकं सामान चढवा. स्टुलावर उभं राहून डोक्यावरून सात किलो खाली घेणं हा शहाणपणा नव्हे. बॉक्सच्या पलंगात जागा असते, पण तो ज्या भिंतीला टेकला आहे ती बाथरूमची किंवा पावसाच्या झडीची पश्चिमेची भिंत असेल तर चार बोटं पुढे ओढा. पत्र्याच्या पेटीत तळाशी आधी जाड कापड अंथरा, गंजाचे डाग सुटता सुटत नाहीत. आणि पेटी विटांवर ठेवा. उंदरांपासून मात्र ती सर्वांत सुरक्षित.

इगतपुरी-त्र्यंबकेश्वरच्या बाजूला राहणाऱ्यांनी घोंगडं या यादीतून वगळावं. तिकडे ते पावसातच लागतं, खोळ करून डोक्यावर घ्यायला.

७. मधली फेरी. श्रावणात एखादा दिवस लख्ख ऊन पडतं. त्या दिवशी बोचकी सोडा, पंख्याखाली पसरा, पाला बदला आणि सायंकाळी परत बांधा. धो धो पावसात 'जरा हवा लागू दे' म्हणून कपाट उघडू नका. तेव्हा आत जाते ती ओलच.

८. बाहेर काढणं. घट बसण्याआधी घर निघतं तेव्हाच सगळं बाहेर काढून उन्हात टाका. मण्यांचं ब्लँकेट तान्ह्या बाळावर किंवा लहान मुलावर कधीच घालू नका, ते त्यांना स्वतःहून बाजूला सारता येत नाही. डांबर गोळ्यांतलं पांघरूण तर वास पूर्ण जाईपर्यंत बाळाच्या खोलीतही नको. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या रक्तपेशी त्या वाफेने फुटू शकतात, आणि ती कमतरता घरात बऱ्याचदा कोणाला माहीत नसते.