मैदान शोधताना

रविवारी विहारातली वंदना झाली की बालवर्गाची मुले थोडा वेळ थांबतात. मागच्या महिन्यात आम्ही त्यांना सहज विचारले, काल कोण किती वेळ खेळले? कोणी मोबाइलवरचा गेम सांगितला. कोणी सांगितले की गल्लीत खेळत होतो, पण रिक्षा आणि बाइक सारख्या येतात म्हणून ओरडा बसला. एक मुलगी म्हणाली, "मी आता खेळत नाही, मी मोठी झाले." तिचे वय अकरा. आरोग्याच्या पानावर या वेळी मैदानाबद्दल लिहायचे आम्ही तेव्हाच ठरवले.

पाच ते सतरा वर्षांच्या मुलामुलींनी दिवसाला सरासरी किमान 60 मिनिटे दम लागेल असे खेळावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आठवड्यातून तीन दिवस तरी उड्या, धावणे, चढणे असे हाडांना ताण देणारे खेळ हवेत. हाडे याच वयात भरतात. पुढे ती भर घालणे अवघड जाते. तीन-चार वर्षांच्या लहानग्यांना तर दिवसभरात मिळून तीन तास हालचाल लागते. दुसरी गोष्ट डोळ्यांची. जी मुले रोज दीड-दोन तास उघड्यावर, दिवसाच्या उजेडात असतात, त्यांना लांबचे न दिसण्याचा चष्मा लागण्याची शक्यता कमी होते. दहा बाय पंधराच्या खोलीत ट्यूबलाइटखाली तो उजेड मिळत नाही. म्हणून अभ्यासाच्या नावाखाली मुलाला घरात कोंडून ठेवणे शहाणपणाचे नाही.

आता मैदान कुठे? मुंबईच्या उपनगरात वस्तीला लागून रिकामी जागा दिसली की तिथे आधी भंगार येते, मग टेम्पो उभे राहतात. पण कागदावर मैदाने असतात. महापालिकेच्या विकास आराखडा 2034 मध्ये खेळाचे मैदान आणि मनोरंजन मैदान अशी आरक्षणे दाखवली आहेत. हा नकाशा वॉर्ड ऑफिसात पाहता येतो, महापालिकेच्या वेबसाइटवरही आहे. वस्तीतल्या कॉलेजच्या मुलाला बसवा, तो तासाभरात शोधून देईल. आरक्षण आहे पण जागेवर मैदान नाही, तर माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तोही माफ आहे, आणि उत्तर 30 दिवसांत द्यावे लागते.

आणखी एक अनुभव सांगावासा वाटतो. आम्ही मुलांना घेऊन जवळच्या एका उद्यानात गेलो, तर फाटकावरच्या वॉचमनने विचारले, "कुठल्या बिल्डिंगची मुले?" वस्तीचे नाव ऐकल्यावर म्हणाला, "हे सोसायटीवाल्यांसाठी आहे." उद्यान महापालिकेचे होते, फाटकावर तसा फलक होता. आम्ही फलकाकडे बोट दाखवले, वाद न घालता आत गेलो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. चवदार तळ्याचे पाणी 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले, तेव्हाही ते तळे सार्वजनिकच होते. सरकारी पैशावर चालणाऱ्या किंवा लोकांसाठी ठेवलेल्या सार्वजनिक जागेच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कुणावर निर्बंध घालता येत नाही, असे संविधानाच्या कलम 15(2) मध्ये आहे. एवढे कलम घरातल्या मोठ्या मुलाला पाठ असावे. मात्र सोसायटीच्या कुंपणाच्या आतले तिच्या रहिवाशांसाठीचे मैदान वेगळे, तिथे हा आग्रह धरता येत नाही. म्हणून आधी जागा कुणाची ते विचारा, मग बोला. महापालिकेच्या जागेवर अडवले तर वॉर्ड ऑफिसला लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रारीचे काय होते ते आपण सगळे जाणतो.

जागा सापडली की मुलाला पाठवण्याआधी आपण एकदा स्वतः जाऊन यावे. सकाळी नव्हे, मुले जातील त्याच वेळी, म्हणजे संध्याकाळी पाच ते सात. वाटेत मोठा रस्ता ओलांडावा लागतो का ते पाहा. लागत असेल तर नऊ-दहा वर्षांपर्यंतच्या मुलाला एकटे पाठवू नका, भले मैदान कितीही चांगले असो. रोज जाता येईल असे साधे मैदान, महिन्यातून एकदा जायच्या मोठ्या उद्यानापेक्षा कामाचे.

घसरगुंडी आणि झोक्याखालची जमीन नीट पाहा. पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट असेल तर पडल्यावर डोक्याला मार बसतो. तिथे वीतभर तरी मोकळी वाळू हवी; हात खुपसून बघा, लगेच कळते. पत्र्याची घसरगुंडी दुपारी तापते, मांड्या भाजतात. जिन्याच्या कठड्याच्या दांड्यांमधली फट साडेतीन इंचांहून जास्त आणि नऊ इंचांहून कमी असेल, तर लहान मुलाचे शरीर आत जाते आणि डोके अडकते. निघालेले नट, गंजलेला पत्रा, तुटलेली साखळी दिसली की 1916 वर तक्रार नोंदवा. दहा आणि सोळा वर्षांचे टीडी इंजेक्शन झाले आहे का, तेही याच निमित्ताने तपासा.

कोपऱ्यात कुत्र्या-मांजरांची घाण असेल तर तिथल्या मातीत जंतांची अंडी असतात. चप्पल घालून खेळावे, घरी आल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि शाळेत किंवा अंगणवाडीत जंताची गोळी देतात ती चुकवू नये. कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा, हळद-चुना लावू नका, लगेच महापालिकेच्या रुग्णालयात जा आणि इंजेक्शनचे सगळे डोस पुरे करा. पावसाळ्यात मैदानात पाणी तुंबले असेल तर खेळ बंद. उंदराच्या मूत्रातून त्या पाण्यात लेप्टो उतरतो आणि पायावरच्या खरचटलेल्या जागेतून शिरतो. पाण्यातून आलेल्या मुलाला ताप चढला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

देवनार कचराभूमीच्या आसपासच्या वस्त्यांना एक जास्तीची सूचना. धूर असेल त्या दिवशी पळापळीचे खेळ नकोत. हिवाळ्यात पहाटे हवा जड असते, वारा सुटल्यावर दुपारनंतर थोडी बरी होते. दम्याच्या मुलाचा पंप खेळताना मोठ्या भावंडाजवळ असावा.

हे सगळे पाहूनही मुलींचा प्रश्न उरतोच. मैदान मोठ्या मुलांच्या क्रिकेटने व्यापलेले असते, मुलींसाठी संडास नसतो, आणि घरची माणसेच म्हणतात, आता पुरे. आमच्याकडे महिला मंडळाच्या तीन उपासिका आलटूनपालटून संध्याकाळी मैदानावर बसू लागल्या. भाजी निवडायचे सूपही सोबत नेतात. साडेपाच ते साडेसहा अर्धे मैदान मुलींचे, असे क्रिकेटवाल्या पोरांशी बोलून ठरवले. पहिला आठवडा कुरबुर झाली, मग पोरांनीच खो-खोची पाटी आखून दिली.

आपलेही थोडे चुकते. जयंतीचा मंडप उतरला की बांबूचे खड्डे आणि खिळे तसेच राहतात, त्यात मुलांचे पाय मुरगळतात. यंदा मंडपवाल्याला ठरवतानाच खड्डे बुजवून देण्याची अट घाला, आणि दुसऱ्या दिवशी मोठा चुंबक दोरीला बांधून मैदानभर फिरवा. भंगारवाल्याकडे तो मिळतो. आम्ही गेल्या वर्षी फिरवला, तर पाव किलो खिळे निघाले.